निर्यातबंदीने बदललेला पिकांचा नकाशा

धान्य महागले की सरकार आधी निर्यात रोखते. घरच्या ग्राहकाला दिलासा मिळतो. पण त्या धान्यावर विसंबलेला परदेशी खरेदीदार दुसरीकडे वळतो आणि अनेकदा परत येत नाही.

एकोणिसाव्या शतकात मुख्य भांडण आयातीचे होते. परदेशी धान्य बाहेर ठेवणारे १८१५ चे कायदे ब्रिटनने १८४६ मध्ये रद्द केले. पुढे रेल्वे आणि आगबोटींनी अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपात आणून ओतला, तेव्हा जर्मनीने १८७९ मध्ये आयातकर लावला. या भांडणाची छाप १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारावरही राहिली. आयातीतले अडथळे हटवण्यावर भर, आणि अन्नटंचाई टाळण्यासाठी केलेल्या तात्पुरत्या निर्यातबंदीला मात्र सूट. ती किती दिवस चालावी, याला मर्यादाच घातली नाही.

त्याची किंमत १९७३ मध्ये कळली. आदल्या वर्षी सोव्हिएत संघाने प्रचंड धान्य खरेदी केली होती. पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही मासेमारी कोसळल्याने पशुखाद्यातले मासळीचे कूट मिळेना, म्हणून सोयापेंडीला मागणी चढली. जूनच्या अखेरीस अमेरिकेच्या निक्सन सरकारने सोयाबीनची निर्यात रोखली. जपानचे जवळजवळ सगळे सोयाबीन अमेरिकेतून येत असे. निर्बंध काही महिन्यांतच उठले, पण जपानने धडा घेतला होता. त्याने ब्राझीलच्या सेर्राडो या गवताळ पठारावर पैसा आणि तंत्रज्ञान लावले. १९७९ पासून दोन्ही देशांचा संयुक्त कार्यक्रमच सुरू झाला. तिथली जमीन आम्लधर्मी, पिकाला नालायक समजली जाणारी. १९७३ मध्येच स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने चुना आणि स्फुरद देऊन जमीन सुधारण्याच्या पद्धती बसवल्या, विषुववृत्ताजवळच्या लहान दिवसांत तग धरणारे वाण काढले. आज सोयाबीन निर्यातीत ब्राझील अमेरिकेच्या पुढे आहे. या यशापायी सेर्राडोचा मोठा नैसर्गिक पट्टा नांगराखाली गेला, हेही विसरता येत नाही.

१९८० मध्ये अफगाणिस्तानातल्या आक्रमणाबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत संघाला होणारी धान्यविक्री रोखली. अर्जेंटिनाने ती जागा भरून काढली आणि पुढच्याच वर्षी नवे अध्यक्ष रेगन यांनी बंदी उठवली.

१९९५ च्या जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराने या बाबतीत फार थोडे केले: बंदी घालणाऱ्याने आधी कळवावे, आयातदारांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा, एवढेच. बहुतेक विकसनशील देशांना तेही बंधन नाही. २००८ मध्ये याची फळे दिसली. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी तेव्हा दहा टक्क्यांहूनही कमी तांदूळ सीमा ओलांडत होता. भारत आणि व्हिएतनामने निर्यात आवळली, फिलिपिन्सने धास्तीने खरेदी लावली आणि थाई तांदूळ काही महिन्यांत टनाला चारशे डॉलरच्या आतून हजारावर गेला. जगात तांदळाचे पीक बुडालेले नव्हते, म्हणून ही भाववाढ मला सर्वांत अस्वस्थ करते.

२०१० मध्ये रशियाने दुष्काळामुळे गहू रोखला. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटल्यावर इंडोनेशियाने पामतेल आणि भारताने गहू थांबवला. त्याच जूनमध्ये व्यापार संघटनेच्या सदस्यांनी जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मानवतावादी खरेदीवर निर्बंध न लावण्याचे ठरवले. पैसे मोजून धान्य घेणाऱ्या गरीब आयातदार देशांना हे संरक्षण मिळालेले नाही.