जेजे म्हणजे नक्की कोण? जमशेटजी, आवाबाई आणि त्यांच्या पैशाची पार्श्वभूमी

मुंबईत कुणी "जेजेला नेलंय" म्हणालं की आपण काळजीत पडतो, आणि "पोरगी जेजेला लागली" म्हणालं की अभिनंदन करतो. पहिलं भायखळ्याचं हॉस्पिटल, दुसरं सीएसएमटीसमोरचं आर्ट स्कूल. शिवाय माहीम-दादरचा एल जे रोड आहेच, म्हणजे लेडी जमशेटजी रोड, सिटीलाइट, शितलादेवी सगळं त्याच्यावरच. रोज लाखो लोकांच्या तोंडात असलेलं हे एकाच घरातलं नाव, पण तो माणूस कोण होता, पैसा कुठून आला आणि ती "लेडी" कोण, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, आणि गोड-कडू दोन्ही लिहितोय, कारण या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि आदर असला म्हणून अर्धीच गोष्ट सांगावी हे मला पटत नाही.

जमशेटजी जीजीभॉय, जन्म १५ जुलै १७८३. घर पारशी, मूळ गुजरातेतलं, परिस्थिती बेताची. १७९९ मध्ये आई आणि वडील दोघंही गेले, तेव्हा पोरगा जेमतेम सोळाचा. आधार दिला तो मुंबईतल्या मामांनी, फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला. आडनावातच धंदा आहे, मामा रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करायचे. आज हसू येईल पण त्या काळात काचेची बाटली इथं सहज मिळत नव्हती, विलायतेहून दारू भरून यायची आणि रिकामी झाली की तिला पुन्हा गिऱ्हाईक असायचं. पोराचं शाळेतलं शिक्षण असं काही नव्हतं, इंग्रजी कामापुरतं, पण हिशोब पक्का. त्याच वर्षी एका नातेवाइकाबरोबर तो कलकत्त्याला आणि तिथून चीनला गेला, पहिल्यांदा जहाजावर. १८०३ मध्ये मामांच्याच मुलीशी, आवाबाईशी लग्न झालं. ती तेव्हा अगदी लहान होती, त्या काळी सगळ्याच समाजात तसंच चालायचं.

चीनच्या अशा एकूण पाच फेऱ्या झाल्या. त्यातली चौथी म्हणजे अक्षरशः जिवावरची होती, आणि गंमत अशी की पुढचं सगळं नशीबही त्याच फेरीत ठरलं. १८०५ साल, युरोपात इंग्रज-फ्रेंच लढाई जोरात, आणि तिचे फटके हिंदी महासागरापर्यंत येत होते. जमशेटजी ज्या ब्रन्सविक नावाच्या जहाजावर होते ते फ्रेंच आरमाराने सिलोनजवळ पकडलं आणि माणसांसकट थेट आफ्रिकेच्या टोकाला केप ऑफ गुड होपला नेलं. माल गेला, पैसे गेले, जवळ काही नाही, आणि मुंबईला घरी बायको नि मामा, त्यांना कळवणार कसं, तेव्हा पत्रसुद्धा जहाजानेच जायचं आणि जहाज तर शत्रूच्या ताब्यात. तिथून कसंबसं दुसऱ्या जहाजात जागा मिळवून ते कलकत्त्याला पोचले आणि मग मुंबईला. त्याच ब्रन्सविकवर एक तरुण स्कॉटिश डॉक्टर होता, जहाजाचा सर्जन, विल्यम जार्डिन. हाच पुढे डॉक्टरकी सोडून व्यापारात पडला आणि चीनच्या किनाऱ्यावरच्या सगळ्यात बड्या ब्रिटिश कंपनीचा, जार्डिन मॅथेसनचा, मालक झाला. एकत्र कैद भोगलेली माणसं, ओळख टिकली, आणि जमशेटजींचा पुढचा मोठा धंदा याच ओळखीवर उभा राहिला.

शेवटची फेरी करून १८०७ मध्ये ते परत आले आणि मग मुंबई सोडून गेले नाहीत. वय चोवीस. इथून पुढे जहाजं त्यांची, माल त्यांचा, पण स्वतः बसायचे मुंबईत. युद्धामुळे कापसाच्या भावात मोठी उलथापालथ होत होती, त्यात त्यांनी चांगला पैसा केला. १८१४ मध्ये गुड सक्सेस नावाचं स्वतःचं जहाज घेतलं. पार्टनर बघा कोण होते: मोतीचंद अमीचंद, म्हणजे भायखळ्याचं जैन मंदिर बांधणारे शेठ मोतीशा, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान, आणि रोजेरियो द फारिया हे गोव्याचे ख्रिश्चन. पारशी, जैन, मुसलमान, गोयंकार, चौघं एका पेढीत. मुंबईच्या बंदरात तेव्हा माणूस विश्वासाचा आहे का आणि माल वेळेवर देतो का एवढंच पाहिलं जायचं, निदान धंद्यापुरतं तरी.

आता कडू भाग. चीनला कापूस जायचा तशी अफूही जायची, आणि खरा मोठा पैसा अफूचा. माळव्यात खसखशीची शेती, तिथून पेट्या मुंबईला. कंपनी सरकारने आधी हा माल अडवून बघितला तर तो दमण-कराचीकडून पोर्तुगीज आणि इतर वाटांनी निघायला लागला, मग १८३० च्या आसपास सरकारने मुंबईतून पास देऊन महसूल घ्यायला सुरुवात केली. म्हणजे कागदोपत्री इथं सगळं कायदेशीर, आणि चीनमध्ये मात्र अफू आणणं गुन्हा. जमशेटजी मुंबईहून माल पाठवायचे, चीनच्या कँटन बंदरात जार्डिनची कंपनी कमिशनवर विकायची, चीनच्या गावागावातली माणसं त्यात बरबाद व्हायची. १८३९ मध्ये चिनी कमिशनर लिन यांनी विदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजाराहून जास्त पेट्या जप्त करून नष्ट केल्या, त्यात मुंबईवाल्यांचाही माल होता, आणि त्यावरून ब्रिटनने चीनशी युद्ध केलं. १८४२ च्या नानकिंगच्या तहात चीनला हाँगकाँग द्यावं लागलं आणि नष्ट केलेल्या अफूबद्दल साठ लाख डॉलर भरावे लागले. त्याच १८४२ मध्ये जमशेटजींना सर ही पदवी मिळाली, पदवी मिळालेले ते पहिले भारतीय. "काळच तसा होता" असं म्हणून हे सोडून देतात काही जण. मला ते चालत नाही, कारण त्याच काळात अफूला विरोध करणारी माणसं चीनमध्ये होती आणि ब्रिटनमध्येही होती. हॉस्पिटलच्या पायात तो पैसा आहे, हे माहीत असलेलं बरं.

पण मग त्याच पैशाचं या माणसाने काय केलं तेही तितक्याच नीट बघायला पाहिजे. दान हे त्यांनी म्हातारपणी पुण्य जोडायला सुरू केलेलं नव्हतं. १८२२ मध्येच, म्हणजे पदवीबिदवी काही नसताना, मुंबईच्या दिवाणी तुरुंगात जे गरीब केवळ कर्ज फेडता येत नाही म्हणून अडकले होते त्यांची देणी यांनी स्वतः भरून त्यांना सोडवलं. केपला हातात दमडी नसताना काय वाटतं ते ज्याने भोगलंय त्यालाच असं सुचत असावं, असं मला आपलं वाटतं. नंतर १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला त्यावरून शहरात दंगल झाली, पारशी त्यात पुढे होते. दोन वर्षांनी जमशेटजी आणि मोतीशा शेठ यांनी मिळून भुलेश्वरजवळ पांजरापोळ, म्हणजे बेवारस जनावरं सांभाळायची जागा, काढली, जी आजही चालू आहे. गुरांच्या चराईवर सरकारने पैसे लावले तेव्हा ठाकुरद्वारकडे जमीन घेऊन गरिबांची गुरं फुकट चरू दिली, ही गोष्ट तर गिरगावातली जुनी माणसं अजून सांगतात.

आता आवाबाई. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये खाडी, पूल नाही. साष्टीतून, म्हणजे खाडीपलीकडच्या वांद्र्याच्या बाजूच्या भागातून, भाजीपाला, दूध, मासे घेऊन येणारी माणसं होडीने यायची, पावसाळ्यात खाडी खवळली की होड्या उलटायच्या, माणसं बुडायची, आणि हे एकदा नाही, दरवर्षीचंच. बांध घालावा अशी मागणी होती पण सरकार पैसे काढेना. शेवटी आवाबाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये स्वतःच्या नावाने दिले आणि एक अट घातली, की जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. त्या काळात दीड लाख म्हणजे काय, तर जेजे हॉस्पिटलसाठी जमशेटजींनी दिलेली रक्कम एक लाख होती! १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. आज आपण तिथं ट्रॅफिकमध्ये अडकून वैतागतो, पण डोक्यावर भाजीची पाटी आणि कडेवर पोर घेऊन भर पावसात होडीची वाट बघत बसलेल्या बाईला तो रस्ता काय वाटला असेल हे डोळ्यासमोर आणून बघा. आणि अट टोलचीच का, तर रोज जा-ये करणाऱ्या गरिबाला रोजचा पैसा-दोन पैसा जड जातो, हे त्या बाईला कळत होतं म्हणून. एल जे रोडमधलं एल आहे ते ह्यांचं. नवऱ्याच्या पदवीमुळे "लेडी जमशेटजी" एवढंच छापलं गेलं आणि आवाबाई हे नाव मागे पडलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हॉस्पिटलही त्याच १८४५ चं. जमशेटजींचा प्रस्ताव असा होता की मी एक लाख देतो, तेवढीच भर कंपनी सरकारने घालावी. हे त्यांचं कायमचं तंत्र, नुसती देणगी देऊन बाजूला व्हायचं नाही, सरकारलाही खिशात हात घालायला लावायचा म्हणजे पुढे ते अंग काढून घेत नाही. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, आणि पहिल्या तुकडीत आपले भाऊ दाजी लाड होते. नाना शंकरशेटांचा आणि जमशेटजींचा याच काळात सतत संबंध येत होता, १८४५ मध्ये रेल्वे काढायच्या खटपटीत दोघं बरोबर होते, आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती त्याच खटपटीतून. पुण्यातही मुळा-मुठेवरचा बंधारा आणि पाण्याची योजना यात त्यांचा मोठा वाटा आहे, बंडगार्डनला फिरायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

आर्ट स्कूलची कल्पना लंडनच्या १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनानंतरची. हिंदुस्थानी कारागिरांची हातोटी तिथं सगळ्यांनी वाखाणली, पण इथं त्यांना नवीन शिक्षण देणारं काहीच नव्हतं. १८५३ मध्ये जमशेटजींनी एक लाख देऊ केले आणि १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले. पुढे याच शाळेत धुरंधर घडले, दादासाहेब फाळके शिकले, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करही काही काळ इथं चित्रकला शिकायला आले होते, म्हणजे मराठी चित्रकला, सिनेमा आणि कारखानदारी तिन्हीकडे या लाखाचा धागा जातो.

घरच्यांबद्दल सांगायचं तर, आवाबाईंशी संसार छप्पन्न वर्षांचा. बरीच मुलं झाली, काही लहानपणीच गेली, तीन मुलगे आणि एक मुलगी मोठी झाली. मोठा खुर्शेदजी, मग रुस्तमजी आणि सोराबजी, मुलगी पिरोजबाई. मुलांना धंद्यात घेतलं तसं दानातही घेतलं हे मला विशेष वाटतं. १८४९ मध्ये पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन काढली ती एकट्याच्या नावावर नाही, आवाबाईंचा पैसाही त्यात होता आणि मुलगेही होते. गरीब पारशी मुलांच्या शाळा, गरिबांची लग्नं, अंत्यविधी, आंधळ्या-पांगळ्यांना मदत, असं तिचं काम. ज्याचे आईबाप सोळाव्या वर्षी गेले आणि ज्याला मामाच्या घरानं वाढवलं, त्यानं घर या शब्दात किती माणसं धरली होती ते त्यातून दिसतं.

१८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट ही वंशपरंपरेची पदवी मिळाली, तीही भारतीयांत पहिली, आणि १४ एप्रिल १८५९ ला ते गेले. एकूण दान सुमारे २ लाख ३० हजार पौंडांचं धरतात. त्यांनी दुसऱ्यांना पाठवलेल्या धंद्याच्या पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, अफू, कापूस, जार्डिन, सगळं त्यात आहे, अभ्यासकांनी त्यावर बरंच काम केलंय.

जुने कागद चाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. १८६० मध्ये खास कायदा झाला की ही पदवी ज्याच्याकडे जाईल त्याने स्वतःचं नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं. त्यामुळे वडिलांनंतर खुर्शेदजीही सर जमशेटजी झाले, त्यांच्यामागचे सगळे वारसही. तेव्हा १८५९ नंतरच्या कुठल्या बातमीत, कोनशिलेवर किंवा देणगीच्या यादीत सर जमशेटजी दिसले तर आधी साल बघा, ते हे पहिले नव्हेत, मुलगा किंवा नातू-पणतू असणार.