पाटी नसलेली खोली : मद्यमुक्तीच्या मीटिंगमागचा इतिहास

पुण्यात दारू सोडू इच्छिणारा माणूस, किंवा बहुतेक वेळा त्याची बायको अथवा भाऊ, ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या दारू सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या संघटनेची, म्हणजे बोलण्यातल्या ‘एए’ची, मीटिंग शोधायला निघतो तेव्हा पहिली अडचण येते ती पत्त्याची. संध्याकाळी रिकामी असलेली चर्चची किंवा शाळेची एखादी खोली तास-दीड तासापुरती घेतलेली असते. तिथे कायमची पाटी नसते, हजेरीपट नसतो आणि आत गेल्यावर कोणी आडनाव विचारत नाही. नवख्याला हा ढिसाळपणा वाटतो. प्रत्यक्षात यातली प्रत्येक गोष्ट ठरवून केलेली आहे आणि तिच्यामागे कारण आहे.

या शहराला दारूविरोधाची परंपरा जुनी आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी 1880 मध्ये शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी आक्षेप नोंदवला होता, तर 1908 मध्ये टिळकांच्या पुढाकाराने दुकानांसमोर निरोधन झाले, म्हणजे दारात उभे राहून गिऱ्हाइकांना अडवले गेले. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच्याच चौकटीत आजही महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिला जातो, ही गंमत परवाना काढणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. या सगळ्या प्रयत्नांचा रोख दुकानावर होता. पिणारा माणूस त्यात एक तर गुन्हेगार ठरे, नाही तर उपदेशाचा धनी. त्याला स्वतःहून सोडायची असेल तर आळंदी-पंढरीची माळ हा मार्ग होता. माळ घातली की दारू सुटली पाहिजे हे गावाला माहीत असे, आणि त्या चारचौघांच्या नजरेचा आधारही मिळे. पण माळ घालून पुन्हा प्यायलेल्याला तोंड दाखवायला जागा उरत नसे.

एएची सुरुवात नेमकी उलट टोकाला झाली. मे 1935 मध्ये न्यूयॉर्कचा शेअरव्यवसायातला बिल विल्सन अमेरिकेतल्या ॲक्रन गावी गेला असताना त्याचा व्यवहार फिसकटला. त्याला दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते आणि हॉटेलातला बार समोर दिसत होता. त्याने तिथल्या यादीतून चर्चच्या लोकांना फोन करून एकच विचारणा केली, की बोलायला कोणी दारुडा भेटेल का. त्यातून शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. बिल तासन् तास बोलला तो डॉक्टरांना सुधारण्यासाठी नव्हे, तर आपण पिऊ नये म्हणून. डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो 10 जून 1935 हा दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो. पिणाऱ्याचे पिणारा ऐकतो, हे मीटिंगमधल्या शेअरिंगचे, म्हणजे आपापला अनुभव सांगण्याचे, मूळ तिथे आहे.

दारू सोडण्यासाठी एएचा सदस्य ज्या क्रमाने जातो त्या बारा पायऱ्या 1939 च्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या पुस्तकात छापून आल्या, आणि संघटनेचे नावही त्याच पुस्तकावरून रूढ झाले. नाव गुप्त ठेवण्याचे पहिले कारण व्यावहारिक होते : नोकरी जाईल, नाचक्की होईल ही भीती. पुढे दुसरे कारण कळले. वर्तमानपत्रांतून गाजलेला सदस्य पुन्हा प्यायला तर लोकांचा विश्वास पद्धतीवरूनच उडतो. शिवाय नाव झाले की माणूस नेता होतो आणि गटात मानापमान सुरू होतात. 1950 मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांनी, म्हणजे गट कसा चालावा याच्या तत्त्वांनी, हे पक्के केले. सदस्यत्वाला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट राहिली, फी राहिली नाही, आणि बाहेरच्यांची देणगी घ्यायची नाही असे ठरले. म्हणून सभेच्या शेवटी सदस्यांतच पिशवी फिरते आणि जागा मात्र दुसऱ्याची असते. घरच्यांसाठीचा ‘अल-ॲनॉन’ 1951 चा. तो एएपासून वेगळा आहे.

भारतात एए 1957 मध्ये दिल्लीत सुरू झाले. पुण्यात मात्र व्यसनमुक्ती म्हटले की आधी ‘मुक्तांगण’ आठवते, आणि दोन्हींची गल्लत होते. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेखक अनिल अवचट यांनी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये येरवड्याला केंद्र सुरू केले. तिथे पत्ता आहे, पाटी आहे, निवासी उपचार आहेत. उपचारांनंतरचे पाठपुरावा गट आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गटही आहे. हे एएचे अंग नव्हे, पण उपचार घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला पुढे दर आठवड्याला बसायला जागा हवी असते, ही गरज दोन्हीकडे एकच.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्यावे, मीटिंग त्यानंतर. ‘खुल्या’ मीटिंगला घरचेही बसू शकतात, ‘बंद’ मीटिंग केवळ पिणाऱ्यांची असते, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. वार आणि वेळ एएच्या भारतातील संकेतस्थळावर पाहता येते, आणि उपचारकेंद्राची माहिती 14446 या राष्ट्रीय क्रमांकावर मिळते. जागा मागून घेतलेली असल्यामुळे ती बदलते, तेव्हा जुन्या कागदावर विसंबण्यापेक्षा फोन करणे बरे. एएच्या क्रमांकावर बहुधा उत्तर देतो तोही पूर्वी पिणाराच असतो.