नाशिकच्या द्राक्षबागांत एक दिवस: गाडी आमची, स्टेअरिंगही आमच्याच माणसाकडे

नमस्कार मंडळी. वायनरी (म्हणजे वाइन बनवतात ती जागा) ट्रिपसाठी फोन आला की आम्हाला रोज तेच तेच प्रश्न येतात, कुठली वायनरी, किती वाजता निघायचं, किती पैसे, मुलांना आणलं तर चालेल का, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. बुकिंग करायच्या आधी हे निवांत वाचा, घरच्यांनाही वाचायला द्या.

आम्ही ठाण्याचे, गाड्या चार, त्यातल्या दोन इनोव्हा क्रिस्टा आणि दोन अर्टिगा. सगळ्या पिवळ्या नंबरप्लेटच्या, म्हणजे टुरिस्ट परमिट असलेल्या. हे मुद्दाम सांगतोय कारण पांढऱ्या प्लेटची घरची गाडी भाड्याने देणारे खूप आहेत, स्वस्तही पडतात, पण तसं भाड्याने चालवायला कायद्याने परवानगी नाही आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. गाडी कोणाचीही घ्या पण प्लेटचा रंग बघूनच बसा.

हे काम सुरू का केलं तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच मित्र स्वतःची गाडी घेऊन नाशिकला गेलो होतो, दिवस मस्त गेला, आणि परत येताना चालवणारा मित्र म्हणाला मी दोनच ग्लास घेतलेत, मला काही झालेलं नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. कसारा घाट उतरताना त्याचा डोळा लागला आणि गाडी कठड्याला घासत गेली. कोणाला लागलं नाही. पण मागच्या सीटवर माझी बायको होती, तो घासण्याचा आवाज तिला अजून आठवतो. तेव्हापासून आमचं मत पक्कं झालंय, वायनरीला जायचं तर चालवणारा माणूस न पिणाराच पाहिजे, आणि "तू आज पिऊ नको" असं मित्रांतल्या एकाला सांगून ते होत नाही कारण तिथे गेल्यावर सगळे त्याला आग्रह करतात.

हिशोब पण बघा. टेस्टिंगला एका वाइनचे साधारण ३० मिली देतात, पाच वाइन चाखल्या की १५० मिली. दोन वायनऱ्या केल्या की ३०० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीतला ४० टक्के भाग एका माणसाच्या पोटात गेला आणि त्याला वाटतंय आपण फक्त चव घेतली. आपल्याकडे कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे, ती ओलांडून चालवताना पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आमचे ड्रायव्हर दादा ट्रिपवर घोटभरही घेत नाहीत. कृपया त्यांना "एकच घ्या हो दादा" असा आग्रह करू नका, प्रेमाने केलात तरी नको.

दिवस कसा जातो ते आता सांगतो

ठाण्याहून सकाळी ६ ला निघायचं. साडेसहा म्हणजे उशीर, कारण माजिवडा ते भिवंडी बायपास एकदा तुंबला की तिथेच तास जातो आणि मग पुढचं सगळं घाईघाईत उरकावं लागतं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा आमने ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आता कसारा घाटातल्या ट्रकांच्या मागे रखडावं लागत नाही, इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, मुलांना तो फार आवडतो. मात्र चहा आणि टॉयलेट समृद्धीवर चढायच्या आधीच उरकून घ्यायचं, आम्ही तिथे वीस मिनिटं थांबतोच. पावसाळ्यात कोणाला धबधबे बघायचे असतील तर जुन्या घाटाने नेतो, पण ते आधी सांगा, वेळ जास्त लागतो.

नऊच्या सुमारास नाशिक. आणि पहिलं काम मिसळ. चुलीवरची मिसळ, पापड, दही, जिलेबी, जे हवं ते खा पण भरपेट खा. रिकाम्या पोटी टेस्टिंगला जाऊ नका ही आमची हात जोडून विनंती आहे. हां, रस्सा फार झणझणीत घेतलात तर तासाभराने वाइनची चव लागणार नाही, जीभच बधिर होते, त्यामुळे त्या दिवशी तर्री थोडी कमी.

साडेदहा-अकराला पहिली वायनरी. शनिवार-रविवारी सुला या वायनरीला जायचं असेल तर गर्दीची तयारी ठेवा आणि टूरचा स्लॉट आधी बुक करू, हे आम्ही तुमच्यासाठी करतो. सुलाबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे कारण नाशिकला आज लोक वाइनसाठी येतात त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परत आले आणि १९९० च्या दशकात गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली, तोपर्यंत नाशिकची द्राक्षं म्हणजे खायची द्राक्षं, थॉम्पसन नाहीतर सोनाका. आई सुलभा यांच्या नावावरून सुला हे नाव, आणि पहिली वाइन आली २००० मध्ये. महाराष्ट्रात वाइन त्याच्याही आधी होत होती, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकातच स्पार्कलिंग वाइनचा कारखाना काढला होता. पुढे २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले आणि बरेच शेतकरी यात आले. सगळ्यांचं भलं झालं असं नाही, काही वायनऱ्या बंदही पडल्या. दादांशी गप्पा मारा, आमचे एक दादा निफाडकडचे आहेत, त्यांच्या घरी तीन एकर बाग आहे, डावणी आणि भुरी या द्राक्षांच्या रोगांवरच्या फवारण्यांपासून बेदाण्याच्या भावापर्यंत सगळं सांगतात, ते ऐकून मग द्राक्षाचा घड बघितला की तो वेगळाच दिसतो.

दुपारी दोन ते चार जेवण आणि आराम, तिथेच किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला. चारला दुसरी वायनरी, यॉर्क किंवा सोमा, दोन्ही त्याच भागात आहेत. संध्याकाळी धरणाच्या पाण्यावर ऊन उतरताना बघायचं, साडेपाच-सहाला निघायचं, नऊ-साडेनऊला घरी.

दोनच वायनऱ्या. यावर आम्ही ठाम आहोत. सुरुवातीला आम्ही चार-चार दाखवायचो, लोकांना वाटायचं पैसे वसूल, पण तिसऱ्यानंतर कोणाला काही लक्षात राहत नव्हतं आणि एका काकूंना परतीच्या वाटेवर इगतपुरीला इतका त्रास झाला की त्यांनी परत कधी येणार नाही असं सांगितलं, ते आमच्या मनाला लागलं. चूक आमची होती.

ज्यांना शांत जागा हवी त्यांनी इगतपुरीच्या बाजूचा दिवस निवडा. मुकणे धरणाजवळ कावनईला व्हॅलोने आहे, सांजेगावला ग्रोव्हर झांपा आहे, गर्दी कमी, माणसं निवांत बोलतात, आणि ठाण्यापासून अंतरही कमी पडतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही सुला सांगतो आणि दुसऱ्यांदा जाणाऱ्याला इगतपुरी.

पुण्याहून बरेच फोन येतात. पुणे-नाशिक साधारण २१० किलोमीटर आहे, त्यात चाकणचं ट्रॅफिक, जाऊन-येऊन एका दिवसात करायला गेलात तर निम्मा दिवस सीटवरच जातो. आम्ही पुण्याच्या लोकांना एक मुक्काम करा असंच सांगतो, आमचं एका दिवसाचं बुकिंग गेलं तरी चालेल.

कधी यायचं

जानेवारी ते मार्च. द्राक्ष काढणीचा हाच काळ, बागेत घड लटकलेले दिसतात, वायनरीत क्रशिंग, म्हणजे द्राक्षं चिरडायचं काम, चालू असतं, आंबट-गोड वास येतो, काही ठिकाणी पायाने द्राक्षं तुडवायलाही देतात. आपल्याकडे वेलाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पाऊस ओसरताना फळ छाटणी, आणि पीक मात्र एकदाच घेतात. युरोपात काढणी होते ती साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, आपली हिवाळ्यात, कारण नाशिकला हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री गारठा असतो आणि त्या गारठ्यामुळे मण्यात साखर भरत असताना आंबटपणाही टिकून राहतो. एप्रिल-मेमध्ये आलात तर बागेत नुसत्या काड्या दिसतील, नंतर "फोटोत तर द्राक्षं होती" असं म्हणू नका म्हणून आत्ताच सांगतोय. जुलै-ऑगस्टला द्राक्षं नसतात पण सगळं हिरवंगार असतं, आम्हाला स्वतःला ते दिवस जास्त आवडतात.

तारीख ठरवताना ड्राय डे, म्हणजे दारू मिळत नाही ते दिवस, बघा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, आणि निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. सुट्टी बघून लोक नेमकी हीच तारीख मागतात. २०२७ च्या सिंहस्थामुळे नाशिक-त्र्यंबक भागात रस्त्यांची कामं आणि गर्दी राहणार, त्या काळात वेळ थोडा जास्तच धरून चला.

त्र्यंबकेश्वरचं दर्शन आणि वायनरी एकाच दिवशी होईल का? होतं, पण दर्शन सकाळी आधी, मग वायनरी, आणि वायनरी एकच. उलट्या क्रमाने आम्ही नेत नाही.

वाइन कधी घेतलीच नसेल तर

अजिबात संकोच करू नका, आमचे निम्मे पाहुणे पहिल्यांदाच घेणारे असतात. पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करतात, शेनिन ब्लाँ थोडी गोडसर असते, सोव्हिन्याँ ब्लाँ आंबटसर, तिला कधी हिरव्या मिरचीसारखा, कधी पेरूसारखा वास येतो, खरंच येतो, नाक लावून बघा. मग रेड, शिराझ किंवा कॅबर्ने, ती तुरट लागते. तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो, रेड वाइन सालीसकट आंबवतात आणि व्हाइटसाठी रस आधीच पिळून वेगळा करतात, एवढाच मुख्य फरक. वाइनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बियांची असतात, एखादा मणी तोंडात टाकून बघा, खायच्या द्राक्षापेक्षा गोड निघतो याचं सगळ्यांना नवल वाटतं. आवडली नाही तर उरलेली वाइन ओतून टाकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात ओतायला लाजू नका, जाणकार लोक तेच करतात. प्रत्येक दोन वाइननंतर एक ग्लास पाणी प्या.

न पिणाऱ्यांनीही जरूर यावं, टूर बघण्यासारखी असते, मोठाल्या स्टीलच्या टाक्या, लाकडी बॅरल, गार तळघराचा वास. मुलं आली तर हरकत नाही पण २१ पूर्ण नसलेल्यांना टेस्टिंग नाही, म्हणून सगळ्यांनी आधार किंवा लायसन्स जवळ ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. दिवस गेलेल्या ताईंनी तर अजिबात घेऊ नये.

पैशाचं

आमचा रेट किलोमीटरवर आहे, दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटरचे पैसे लागतात. ठाणे-नाशिक जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून ३४०-३५० होतात. गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतो, निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो तुम्हाला व्हॉट्सॲप करतो. टोल, पार्किंग वेगळं, पावत्या देतो. ड्रायव्हर भत्ता बिलातच असतो आणि तो पूर्ण दादांनाच जातो. वायनरीची टूर-टेस्टिंगची फी आणि जेवण तुम्ही तिथेच द्यायचं, त्यात आम्ही एक रुपयाही कमिशन घेत नाही, म्हणून कुठली बाटली घ्या असं दादा कधी सांगणार नाहीत.

एक विनंती आहे. दादांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. तुम्ही जेवता तेव्हा त्यांनाही जेवायला आणि दोन तास आडवं व्हायला वेळ मिळाला पाहिजे, त्या वेळात "जरा बाजारात नेऊन आणा" असं सांगू नका, चिवडा घ्यायचा असेल तर परतीच्या वाटेवर थांबू. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना ट्रिप देत नाही. रात्री तुम्ही सगळे मागे झोपलेले असता आणि त्यांना एकट्याला जागं राहायचं असतं.

गाडीत बाटली उघडायची नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. घेतलेल्या बाटल्यांचं बिल जपून ठेवा. डिकीत आम्ही थर्माकोलचा बॉक्स ठेवतो कारण उन्हात उभ्या गाडीत वाइन दोन-तीन तासांत तापते आणि बिघडते, मग घरी उघडल्यावर वाटतं वायनरीने फसवलं. मागच्या सीटवरही बेल्ट लावायचा. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या, गोळी निघायच्या अर्धा तास आधी.

बुकिंगला फोन करताना एवढं सांगा: किती जण, त्यात मुलं आणि आजी-आजोबा किती, कोण पिणार कोण नाही, शाकाहारी किती, लहान बाळ असेल तर बेबी सीट लागेल का, आणि कोणाला चालायला त्रास आहे का, कारण बागेतली वाट चढ-उताराची आणि मातीची आहे, हिल्स घालून येऊ नका. आदल्या रात्री आठपर्यंत दादांचं नाव, मोबाइल नंबर आणि गाडीचा नंबर तुमच्या व्हॉट्सॲपवर येईल, नाही आला तर लगेच आम्हाला फोन करा, कितीही वाजलेले असू देत.