खांबावर चढणारी पोरं येतात कुठून?

महावितरणची भरती निघाली की गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते, हे दर वेळचंच. 2023 च्या जाहिरातीत विद्युत सहायकाच्या 5347 जागा होत्या, पगार नाही तर मानधन, पहिल्या वर्षी 15 हजार, मग 16, मग 17, आणि तीन वर्षं नीट काढली की तंत्रज्ञ. अट काय तर दहावी आणि आयटीआयचा वीजतंत्री नाहीतर तारतंत्री. म्हणजे एवढ्या मोठ्या वीज कंपनीला खांबावर चढणारा माणूस मिळतो तो आयटीआयच्या गेटातून. आता हे गेट बांधलं कुणी आणि शाळा या सगळ्यात कुठे होती, हे बघायला थोडं मागं जावं लागेल.

वीज आपल्याकडे तशी लवकरच आली, टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 चं, भिवपुरी 1922 चं, भिरा 1927 चं, आणि मुंबईत विजेवरची ट्राम तर 1907 लाच धावायला लागलेली. इंजिनीअर घडवायला मुंबईत 1887 पासून व्हीजेटीआय हे तंत्रशिक्षणाचं कॉलेज होतं. पण तार ओढणारा, जॉइंट मारणारा माणूस? तो काम करता करताच शिकायचा, उस्तादाच्या हाताखाली.

आयटीआयचं मूळ बघितलं तर गंमत वाटते. ते शाळेतून आलंच नाही, आलं लष्करातून. दुसऱ्या महायुद्धात फौजेला कारागीर पाहिजे होते म्हणून सरकारनं 1940 मध्ये वॉर टेक्निशियन ट्रेनिंग सुरू केलं, युद्ध संपल्यावर घरी आलेल्या सैनिकांना कामाला लावायचं म्हणून तेच पुढे चालवलं, मग फाळणीच्या निर्वासितांसाठी, आणि शेवटी 1950 मध्ये सगळ्यांसाठी म्हणून क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम आली. 1956 मध्ये या संस्था राज्यांच्या हातात दिल्या. म्हणजे केंद्रात आयटीआयचं खातं पहिल्यापासून कामगार आणि रोजगाराचं होतं, शिक्षणाचं नाही. शाळा एका खात्यात, आयटीआय दुसऱ्या खात्यात, आणि मला विचाराल तर पुढचा अर्धा घोळ इथूनच सुरू होतो.

1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये एमएसईबी म्हणजे राज्याचं वीज मंडळ झालं. गावोगाव खांब रोवायचे, विहिरीवरच्या मोटारीला कनेक्शन द्यायचं, कामच काम. तेव्हा सगळे काही शिकून आले नव्हते, कितीतरी जण एनएमआरवर म्हणजे रोजंदारीच्या हजेरीपटावर खड्डे खणायला लागले, हेल्पर झाले आणि बघून बघून लाइनमन झाले. जुने लोक अजून सांगतात की खांबावरचा झुला कसा बांधायचा आणि डिओ फ्यूज कसा टाकायचा हे कुठल्या वर्गात नाही, डीपीखाली म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांखाली उभं राहूनच कळलं. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यानं मात्र एक दोरी बांधली. मोठ्या आस्थापनांनी शिकाऊ उमेदवार घ्यायचेच असं ठरलं, मग आयटीआय पास पोरगा वर्षभर सबस्टेशनला, सेक्शन ऑफिसला जायला लागला. 1973 मध्ये पदवी-पदविकावाले यात आले, 1986 मध्ये अकरावी-बारावीला व्होकेशनल केलेले आले, आपल्याकडचे एमसीव्हीसीवाले त्यातलेच, ते ‘किमान कौशल्य’ म्हणायचे तेच.

आयटीआयच्या इलेक्ट्रिकल वर्कशॉपमध्ये कधी गेलात तर भिंतीला लाकडी बोर्ड दिसतील, त्यावर जिन्याची वायरिंग, गोडाऊनची वायरिंग, बाजूला सिरीज लॅम्प, आणि टेबलावर पोरं तारा जोडायचे ब्रिटानिया जॉइंट, मॅरीड जॉइंट, वेस्टर्न युनियन वळत बसलेली. पक्कडीनं तार पिळताना तळहाताला फोड येतात. हे जॉइंट टेलिग्राफच्या काळातले आहेत आणि आज लाइनवर बरचसं काम क्लॅम्पनं, क्रिंपिंगनं होतं, तरी हात बसवायला तेच लागतात, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आणि शाळा? शाळेत होतं ते ‘टेक्निकल’. शासकीय तांत्रिक विद्यालयात आसपासच्या शाळांची आठवी ते दहावीची पोरं जायची, ड्रॉइंग आणि वर्कशॉप करायची. मीही टेक्निकल घेतलेलं, तीन वर्षं कानशीनं लोखंड घासलं, पण रोज शाळेबाहेर दिसणारी डीपी नेमकं काय करते हे कुणी सांगितलं नाही. वायरमन आमच्या शाळेत एकदाच आला, बिल थकलं म्हणून फ्यूजचा कटआउट काढून न्यायला! कोठारी आयोगानं 1966 मध्ये शिक्षण कामाशी जोडा म्हणून सांगितलेलं, त्याच्याही आधी 1937 ला वर्ध्यात गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे कामातून शिकण्याची, परिषद झालेली, पण वर्गातल्या फळ्यापर्यंत त्यातलं फार काही पोचलं नाही.

खरं वेगळं काम झालं ते पुणे जिल्ह्यात पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून तिथं गेले आणि 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं, इंजिनीअरिंग, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि ते काम नुसतं प्रॅक्टिकल म्हणून नाही तर गावाला लागणारं. घराची वायरिंग करायची तर खऱ्या घराची, खर्चाचा हिशोब सुद्धा मुलांनीच मांडायचा. पुढे हा अभ्यासक्रम ‘मूलभूत तंत्रज्ञान’ म्हणून दहावी बोर्डाच्या विषयात आला आणि राज्यातल्या इतर शाळांनीही घेतला. यात वीज कंपनी नव्हती, होती ती शाळा आणि गाव, पण चौदा वर्षांचं पोरगं फेज-न्यूट्रल ओळखायला शिकलं ते तिथं.

2005 मध्ये एमएसईबीचे तुकडे झाले, महावितरण वेगळी झाली, आणि विद्युत सहायक हे पद आलं ते या काळातलं. 2016 ला छोट्या गावांसाठी ग्रामविद्युत व्यवस्थापकाची कल्पना निघाली, गावातलाच आयटीआय झालेला पोरगा गावचं फ्यूज-बिल बघेल अशी. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण आणि दहा दिवस दप्तराविना आले, भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेनं तर शाळेसाठी मीटर टेक्निशियनचा अभ्यासक्रमही केलाय. त्या दहा दिवसांत सुताराकडे, कुंभाराकडे जायचं असं लिहिलंय, तसंच सबस्टेशनला पण नेता येईल की, कुंपणाच्या बाहेरून का होईना.