अतिदक्षता विभागातील गुंगीची औषधे: पार्श्वभूमी

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला किती खोल गुंगीत ठेवायचे, हा प्रश्न अतिदक्षता विभागाइतकाच जुना आहे. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वास घेता येत नसलेल्या 12 वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवली. ती इतकी झगडत होती की पिशवी दाबून हवा आत जाईना. इब्सेन यांनी थायोपेंटल हे भुलीचे औषध दिले, तिचा स्वतःचा श्वास थांबला आणि मग फुप्फुसांत हवा भरता आली. पुढे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अनेक रुग्णांना अशाच पिशव्यांनी जगवले.

नंतर यंत्रे आली, पण सुरुवातीची यंत्रे रुग्णाच्या श्वासाशी जुळवून घेत नसत. त्यामुळे रुग्णालाच यंत्राशी जुळवण्यात आले. मॉर्फीन, डायझेपाम आणि वेळप्रसंगी स्नायू लुळे पाडणारी औषधे देऊन त्याला शांत ठेवत. यंत्रे सुधारली तरी ती सवय मात्र टिकून राहिली.

पहिला मोठा धक्का 1983 मध्ये ग्लासगोहून आला. लेडिंगहॅम आणि वॅट या डॉक्टरांना आढळले की, गंभीर जखमी रुग्णांपैकी ज्यांना एटोमिडेट हे गुंगीचे औषध सतत दिले गेले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण 77 टक्के होते. मॉर्फीन मिळालेल्यांत ते 28 टक्के होते. हे औषध अधिवृक्क ग्रंथींतली कॉर्टिसॉलची निर्मिती रोखते आणि गंभीर आजारात शरीराला नेमका त्याच संप्रेरकाचा आधार लागतो. रुग्ण वरून शांत दिसत होते, म्हणून हे लवकर ध्यानात आले नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात महत्त्वाची घटना हीच.

मिडाझोलाम या डायझेपामच्याच गटातल्या (बेन्झोडायझेपिन) गुंगीच्या औषधाची अडचण वेगळी. दिवसेंदिवस चालू ठेवल्यास ते शरीरात साठते, मूत्रपिंडे निकामी असतील तर त्याचे अवशेषही साचतात आणि औषध बंद केल्यावरही रुग्ण लवकर जागा होत नाही. 2000 साली शिकागोत क्रेस आणि सहकाऱ्यांनी 128 रुग्णांवर साधा प्रयोग केला: एका गटाची गुंगी रोज एकदा थांबवायची. त्या गटाचा व्हेंटिलेटरवरचा काळ 7.3 ऐवजी 4.9 दिवसांवर आला. पुढच्याच वर्षी नळीमुळे बोलू न शकणाऱ्या रुग्णातही भ्रमावस्था ओळखता येईल अशी तपासणी नॅशव्हिलच्या ईली यांच्या गटाने मांडली. तोवर गप्प पडून राहिलेल्या रुग्णाचा भ्रम बहुतेकदा कुणाच्या लक्षातच येत नसे.

2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आधी वेदना शमवा, मग गरज असेल तरच हलकी गुंगी द्या, असा क्रम सांगितला. बेन्झोडायझेपिनऐवजी प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन ही गुंगीची औषधे सुचवली. दोनच वर्षांत कोविडची साथ आली. खाटा भरलेल्या, परिचारिका अपुऱ्या, प्रोपोफॉलचा तुटवडा. अनेक ठिकाणी मिडाझोलामची खोल गुंगी परत सुरू झाली.