आधी कर्नल, मग बोगदा

व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा कूटबद्ध बोगदा) म्हणजे एक ॲप, उतरवून घ्यायचं आणि बटण दाबायचं, असा समज मोबाइलमुळे रूढ झाला आहे. त्यामुळे जुन्या लिनक्स सर्व्हरवर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवताना ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ असं रोखठोक उत्तर आलं की माणूस पॅकेज काढून पुन्हा टाकतो, आणि मग तिसऱ्यांदा टाकतो. त्याने काहीच होत नाही. नकार पॅकेजकडून आलेला नाही, कर्नलकडून आलेला आहे. (आज्ञा आणि संदेश इथे देवनागरीत दिले आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये टंकायच्या.)

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. जुन्या वाड्यातलं सोवळ्याचं स्वयंपाकघर डोळ्यासमोर आणा. मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड सगळं आत. ब्राउझर असो की डेटाबेस, बाहेरच्याने आत पाऊल टाकायचं नाही. हवं ते उंबरठ्याशी उभं राहून मागायचं. या मागण्याला सिस्टिम कॉल म्हणतात. माणसांमधली शिवाशिव गेली ते उत्तमच झालं, पण प्रोसेसरमध्ये ती मुद्दाम पाळली जाते. एखादा प्रोग्रॅम कोसळला तरी अख्खी यंत्रणा आडवी होत नाही, ती यामुळेच.

आता ओपनव्हीपीएन या दुसऱ्या व्हीपीएन-प्रोग्रॅमच्या पारंपरिक रचनेत एका पॅकेटचं, म्हणजे माहितीच्या एका गठ्ठ्याचं, काय होतं ते पाहू. ब्राउझरने पॅकेट कर्नलच्या हवाली केलं. कर्नलने राउटिंगचा तक्ता पाहून ते ‘टन’ नावाच्या आभासी नेटवर्क कार्डावर टाकलं. या कार्डाला तार नाही. त्याचं दुसरं टोक ओपनव्हीपीएनच्या हातात आहे, आणि ओपनव्हीपीएन उंबरठ्याबाहेर बसलेला आहे. म्हणून पॅकेटची नक्कल करून ती बाहेर द्यावी लागते. तो ती कूटबद्ध करतो आणि यूडीपीच्या लिफाफ्यातून पाठवण्यासाठी परत आत देतो, की पुन्हा नक्कल. मग कुठे ते खऱ्या कार्डाकडे जातं. म्हणजे व्हीपीएनपायी प्रत्येक पॅकेटला उंबरठ्याच्या दोन जादा फेऱ्या पडल्या. १०० मेगाबिट वेगाला १४०० बाइटची पॅकेटं धरली तर सेकंदाला सुमारे ९,००० पॅकेटं होतात आणि एकाच दिशेला १८,००० जादा फेऱ्या. दर फेरीला प्रोसेसरने हातातलं काम ठेवायचं, बाजू बदलायची, मेमरी इकडून तिकडे उतरवायची. वर हे सगळं एकाच धाग्यावर चालतं, त्यामुळे आठ कोअरच्या यंत्रातही एक घामाघूम होतो आणि सात बसून राहतात.

वायरगार्ड बाहेर येतच नाही. तो कर्नलच्या आतलं मॉड्यूल, म्हणजे कर्नलचाच एक जोडभाग, आहे. पॅकेट आभासी कार्डावर आलं की तिथल्या तिथे चाचा२० आणि पॉली१३०५ या पद्धतींनी त्याला कुलूप लागतं. हे काम सगळ्या कोअरना वाटून दिलं जातं. कोणाचं आधी, कोणाचं नंतर झालं तरी मूळ क्रम एका रांगेत जपलेला असतो, आणि पॅकेटं त्या क्रमानेच बाहेर पडतात. ही दुहेरी रांग हाच या रचनेतला सर्वांत देखणा भाग आहे. कुलूप लावणं समांतर, बाहेर पाठवणं ओळीने. आणि हा सगळा कारभार चार हजारांच्या आसपास ओळींत मावतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स फारसे कौतुक करणाऱ्यांपैकी नव्हेत, पण २०१८ मध्ये त्यांनी या कोडला कलाकृती म्हटलं होतं.

जाहिरातींतल्या ‘मिलिटरी-ग्रेड’ सुरक्षेचा मात्र याच्याशी संबंध नाही. ‘कर्नल’ हा शब्द सोडला तर यात लष्करी काहीच नाही. व्हीपीएनने तुम्ही अदृश्यही होत नाही; जी माहिती आधी इंटरनेट कंपनीला दिसत होती, ती आता व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसते.

मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून वायरगार्ड मूळ कर्नलमध्येच आहे. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या १० व्या आवृत्तीचा कर्नल ४.१९, म्हणजे त्याआधीचा. डेबियन ११ चा ५.१०. डीकेएमएस हे साधन वापरून जुन्या कर्नलसाठी मॉड्यूल बाहेरून बांधता येतं, पण ते कर्नलच्या प्रत्येक अपडेटला पुन्हा बांधावं लागतं, आणि कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) नसले की एखाद्या सकाळी बोगदा बंद. डेबियन १० ची मुदत संपून गेल्यामुळे निदान ११ वर जाणंच शहाणपणाचं.

आधी बॅकअप. मग ‘डीएफ -एच /बूट’ ने जागा पाहा. निदान २०० एमबी मोकळी हवी. इनिटआरडी (बूट होताना आधी लागणारी फाइल) तयार होताना जागा संपली तर अर्धवट फाइल राहते आणि सर्व्हर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणत बूट होतानाच थांबतो. सोर्सेस-लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत, ‘बस्टर’च्या (डेबियन १०) जागी ‘बुल्सआय’ (डेबियन ११) करताना सुरक्षा-अपडेटची ओळ हमखास चुकते. तिथे ‘बस्टर/अपडेट्स’ होतं, आता ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ लागतं. नुसतं शब्द बदलून चालत नाही, ॲप्ट (पॅकेजं आणणारा प्रोग्रॅम) ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, असं उत्तर देतो. पुढे ‘ॲप्ट अपडेट’, ‘ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’, ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’, याच क्रमाने.

आता रीबूट. खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू लावा, झेंडूही वाहा. पण ‘सातशे दिवस बंद केला नाही’ हा अभिमान ही त्याहून वाईट अंधश्रद्धा आहे, कारण रीबूट केल्याशिवाय जुनाच कर्नल चालू राहतो. मग ‘मॉडप्रोब वायरगार्ड’ म्हटलं की ४.१९ च्या फोल्डरमध्ये शोध होतो आणि मॉड्यूल सापडत नाही. नवा कर्नल डिस्कवर आहे, मेमरीत नाही. खात्रीसाठी ‘युनेम -आर’.

सर्व्हर दूर डेटा सेंटरमध्ये असेल तर परतीची वाट आधी आखून ठेवा. ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ करा, कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ जोडा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा. दोनच कर्नल असतील तर ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट "१>२"’ ने जुना कायमचा ठरतो (१ म्हणजे उपमेनू, त्यात ० आणि १ नव्याचे, २ जुना). मग ‘ग्रब-रिबूट ०’ ने नवा फक्त एकदाच. नवा कोसळला तर दहा सेकंदांनी यंत्र आपोआप जुन्यावर परत येतं. एक मेख आहे: /बूट एलव्हीएम किंवा रेड अशा जोडडिस्क-रचनेवर असेल तर ग्रबला ‘एकदा वापरून झालं’ ही नोंद पुसता येत नाही, आणि तो पुन्हा पुन्हा नव्याचाच आग्रह धरतो.

व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) कंटेनर प्रकारचा असेल तर यातलं काहीच करू नका. तिथे कर्नल यजमानाचा असतो, तुमचा नाही. ‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ने ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी असं सांगितलं, तर उंबरठ्याबाहेर चालणारा वायरगार्ड-गो वापरा. त्यालाही ‘टन’ मिळायला हवं.

नवा कर्नल आला की ‘वायरगार्ड-टूल्स’ टाका, फॉरवर्डिंग (पॅकेटं पुढे पाठवण्याची सोय) चालू करा, फायरवॉलमध्ये यूडीपी ५१८२० हे पोर्ट उघडा. पिंगला ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असं उत्तर आलं तर किल्ली हरवलेली नसते. तो पत्ता कोणत्याच सोबत्याच्या (बोगद्याच्या पलीकडच्या यंत्राच्या) ‘अलाउड-आयपीज’मध्ये नसतो. मॉड्यूल चढवताना हाच संदेश आला, तर मात्र सिक्युअर बूटने सही नसलेलं मॉड्यूल अडवलेलं आहे.

पिंग चालतं, एसएसएच (दूरचं लॉगिन) जोडलं जातं, पण मोठी फाइल लटकते, असं झालं तर एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) पाहा. इथरनेटच्या १५०० बाइटमधून वायरगार्डचे ३२, यूडीपीचे ८ आणि आयपीव्ही६चे ४० वजा जाऊन १४२० उरतात. मधल्या जोडणीत पीपीपीओई (काही ब्रॉडबँड जोडण्यांतली पद्धत) असेल तर आणखी ८ जातात. तिथे हाताने १४१२ लिहा.