सदाशिव पेठेचा पिनकोड गणिताच्या चिमट्यात

४११०३०. पोस्टमनला यात सदाशिव पेठ दिसते. आकड्यांची खोड असलेल्याला दिसते एक सहा अंकी संख्या, आणि तीही चांगली रसाळ.

शेवटी शून्य, तेव्हा १० ने भाग जातोच. उरलेल्या ४११०३ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून ९ नेही जातो. मग हाती येतात ४५६७, आणि इथे गाडी अडते. ६८ चा वर्ग ४६२४, म्हणून ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. एकानेही भाग जात नाही. ४५६७ मूळ संख्याच. ओळीने चार अंक मांडलेली मूळ संख्या या पिनकोडात निघावी हा निव्वळ योगायोग. पेठेतली मंडळी तसं मानणार नाहीत, ते सोडा.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद संख्या म्हणतात. हे नाव द. रा. कापरेकरांचं. फर्ग्युसनमध्ये शिकलेले कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. ४११०३० भागिले ९ बरोबर ४५६७०, म्हणजे आपली संख्या हर्षद ठरली.

कापरेकरांचा जास्त गाजलेला खेळ वजाबाकीचा. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन थांबते. सहा अंकांत मात्र असा एकच मुक्काम नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या स्वतःवरच परत येतात, पण सदाशिव पेठ तिकडे फिरकत नाही:

४३११०० − ००११३४ = ४२९९६६

पुढे ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. इथून सात संख्यांचं रिंगण सुरू, सुटका नाही.

यातली प्रत्येक संख्या ९ च्या पाढ्यातली आहे. अंकाची जागा बदलली की फरक ९ च्याच पटीत पडतो: शतकस्थानचा ४ एककात आणला तर ४०० वजा ४, म्हणजे ३९६, म्हणजे ९ गुणिले ४४.

कॅम्पातला ४११००१ तिसऱ्याच वजाबाकीत याच रिंगणात सापडतो. कोथरूडचा ४११०३८ बराच भटकतो आणि अकराव्या वजाबाकीला ८५१७४२ वर येऊन त्यात शिरतो.